ऐकणाऱ्या कानाला मेंदूचे हुकूम

अगदी बारीक, जेमतेम ऐकू येणारा आवाज कानाच्या पडद्याला किती हलवतो? हायड्रोजनच्या अणूच्या व्यासाहूनही कमी. भोवतालच्या हवेचा दाब सुमारे 1,01,325 पास्कल असतो. त्यात या आवाजाने पडणारा फरक 20 मायक्रोपास्कलचा, म्हणजे पाचशे कोटींतला एक भाग. दुसऱ्या टोकाला 120 डेसिबलचा, कानठळ्या बसवणारा आवाज. त्याची तीव्रता पहिल्याच्या एक लाख कोटी पट! ही दोन्ही टोकं एकच अवयव सांभाळतो, तोही वाटाण्याएवढा.

या अवयवाचं, कॉक्लिआचं, वेटोळं उलगडलं तर लांबी भरते जेमतेम 35 मिलिमीटर. त्यात कंपनं टिपणाऱ्या केशपेशींची आतली एक ओळ असते, सुमारे 3,500 पेशींची, आणि बाहेरच्या तीन ओळींत मिळून 12,000. डोळ्याच्या पडद्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी बारा कोटींच्या घरात असतात, हे ध्यानात घेतलं की कानाची काटकसर थक्क करते. कानाकडून मेंदूकडे सुमारे 30,000 तंतू जातात आणि त्यांतले 95 टक्के त्या आतल्या 3,500 पेशींनाच जोडलेले असतात.

मग बाहेरच्या 12,000 पेशी करतात काय? त्या नाचतात. 1985 साली विल्यम ब्राउनेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की विजेचा दाब बदलला की या पेशी आखूड होतात, लांब होतात. हे घडवणारं प्रथिन, प्रेस्टिन, 2000 साली पीटर डॅलोस यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. एका पेशीच्या भिंतीत त्याचे अंदाजे एक कोटी रेणू दाटीवाटीने बसलेले असतात. आवाजाच्या तालावर सेकंदाला हजारो वेळा ही हालचाल होते आणि क्षीण कंपनं शेकडो पटींनी वाढतात.

याच पेशींकडे मेंदूचे तंतू येतात. उलट दिशेने! अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ ग्रँट रासमुसेन यांनी 1946 साली या वाटेचं वर्णन केलं. मस्तिष्कस्तंभातून निघणारे हे तंतू एका कानासाठी फार तर हजार-दीड हजार. मेंदूकडे जाणाऱ्या 30,000 तंतूंपुढे ही संख्या किरकोळ वाटते, पण त्यांचा दरारा मोठा आहे. 1956 साली रॉबर्ट गॅलम्बॉस यांनी मांजरांमध्ये या तंतूंना विजेने चेतवलं, तेव्हा कानाकडून मेंदूकडे जाणारे संकेत दबले. पुढच्या प्रयोगांत हा परिणाम 20 डेसिबलपर्यंत मोजला गेला, म्हणजे आवाजाची तीव्रता शंभर पटींनी उतरवल्यासारखा.

मला यातली रसायनाची चलाखी सर्वांत विलक्षण वाटते. हे तंतू सोडतात ॲसिटिलकोलीन, स्नायूंना आखडायला लावणारं तेच द्रव्य. इथे मात्र त्याने पेशी शांत होते. ते द्रव्य पकडणारा पेशीवरचा खास ग्राही (रिसेप्टर), अल्फा-9, बेलेन एल्गोयेन आणि सहकाऱ्यांनी 1994 साली शोधला. त्यातून कॅल्शियम आत शिरतं, कॅल्शियममुळे पोटॅशियमची दारं उघडतात, पोटॅशियम बाहेर पडतं आणि पेशीचा नाच मंदावतो. सगळा कारभार सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास आटोपतो.

माणसात हे पाहायला कानाला भोक पाडावं लागत नाही. केशपेशींच्या हालचालीमुळे कान स्वतःच बारीक आवाज बाहेर टाकतो. डेव्हिड केम्प यांनी 1978 साली तो नोंदवला, आणि आज नवजात बाळांच्या श्रवणचाचणीत कानात छोटी नळी बसवून तोच तपासतात. 1990 साली फ्रान्समध्ये ल्यों इथे लिओनेल कोले आणि सहकाऱ्यांनी एका कानातला हा आवाज मोजत असताना दुसऱ्या कानात खरखर ऐकवली. पहिल्या कानातला आवाज उतरला. खरखर डाव्या कानाने ऐकली, ती मस्तिष्कस्तंभापर्यंत पोचली आणि तिथून उजव्या कानाला हुकूम सुटला. असा उतार साधारणपणे एक-दोन डेसिबलचा असतो. पण गोंगाटात समोरच्याचं बोलणं निवडताना तेवढाही मोलाचा ठरतो, कारण सततच्या खरखरीने मेंदूकडे जाणारे तंतू आधीच दमले, तर शब्दांना उत्तर द्यायला त्यांच्यात उसंतच उरत नाही.

या हुकमांमुळे कानाचं संरक्षणही होतं. ज्या उंदरांमध्ये अल्फा-9 मुद्दाम जास्त तयार करवला, त्यांच्या कानांना मोठ्या आवाजाने झालेली इजा कमी होती. पण या बंदोबस्तालाही मर्यादा असते, आणि माणसात एकदा मेलेली केशपेशी पुन्हा उगवत नाही. जन्मताना जेवढ्या असतील तेवढ्याच आयुष्यभरासाठी.