तपकिरी पाण्याचा प्रयोग

बोरिवलीच्या आमच्या सोसायटीत एका रविवारी जिन्याखाली टेबल मांडून विक्रेता बसला होता. समोर दोन ग्लास, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओ यंत्रातलं. दोन्हींत त्यानं विजेच्या कांड्या बुडवल्या. मिनिटभरात नळाचं पाणी तपकिरी झालं, आरओचं जसंच्या तसं. ‘‘काकू, हे रोज पिता तुम्ही?’’ काकूंनी तिथल्या तिथे यंत्र बुक केलं.

तो रंग पाण्यात नव्हताच. कांडी लोखंडाची असते. पाण्यातल्या क्षारांमुळे वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचा गंज ग्लासात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षारच जेमतेम, म्हणून तिथे काही होत नाही. चांगलं मिनरल वॉटर घेतलं तरी ग्लास असाच तपकिरी होईल.

दुसरा गैरसमज टीडीएसच्या आकड्याचा. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, जंतू नव्हेत. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस चालतो. तानसा, वैतरणा, भातसा इथलं पाणी पावसाचं, भांडुप आणि पांजरापूरला शुद्ध होऊन येतं. त्याचा आकडा बहुतेकदा शंभरच्या आसपास किंवा त्याखालीच असतो. पाणी बिघडलंच तर जुन्या जलवाहिनीत किंवा आपल्याच सोसायटीच्या न धुतलेल्या टाकीत, आणि तिथे शिरतात ते जंतू. त्यांच्यासाठी गाळणी आणि यूव्ही, नाहीतर उकळणं पुरतं. बोअरवेलचं किंवा टँकरचं खारं पाणी प्यावं लागत असेल तर गोष्ट वेगळी; तिथे आरओ हवाच.

आरओच्या मागून एक बारीक नळी सिंकमध्ये सोडलेली असते. ती मी बादलीत सोडून पाहिली. पिण्याची एक लिटरची बाटली भरेपर्यंत बादलीत तीन लिटर साचलं. घरात दिवसाला वीस लिटर गाळलं, तर साठ लिटर गेलं. ‘‘आम्ही त्यानं लादी पुसतो,’’ असं कुणी म्हणालं की बरं वाटतं, पण लादीला रोज किती बादल्या लागतात? ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी आणावी, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये केंद्र सरकारला सांगितलं होतं. आमच्या जिन्याखाली ते पोचलेलं नाही.

असाच गैरसमज एसीबद्दलही आहे, तो थोडक्यात. १८ वर लावलं की खोली लवकर गार होते, हा समज अंधेरीपासून मुलुंडपर्यंत सारखा. तो आकडा वेगाचा नव्हे, कुठे थांबायचं याचा. दर अंश वर चढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरोचं म्हणणं. १ जानेवारी २०२० पासून स्टारवाले एसी कारखान्यातूनच २४ वर लावून येतात. सरकारी कामांत मला हे फार आवडलं, कारण रिमोट शोधण्याचा आळस इथे पर्यावरणाच्या कामी येतो. पाच स्टारची चकती मात्र वर्षाला १६०० तास वापर धरून दिलेली असते. ‘फाइव्ह स्टार आहे, चालू दे रात्रंदिवस’ म्हणणाऱ्याचं बिल शंभर, तीनशे, पाचशे युनिटांचे टप्पे ओलांडत जातं, आणि वरच्या टप्प्यातलं युनिट महाग असतं.

राहिला शेवटचा समज, ‘रिमोटनं बंद म्हणजे बंद’. एका रात्री टीव्ही रिमोटनं आणि फ्रिजसकट बाकी सगळं बटणानं बंद करून मी तळमजल्याच्या मीटर रूममध्ये गेलो. आमच्या मीटरवरचा लाल दिवा तरीही लुकलुकत होता, म्हणजे वीज जातच होती. मुलगी वर फोनवर होती. टीव्हीच्या बोर्डावरचं बटण तिनं खाली केलं आणि विचारलं, ‘‘बाबा, आता?’’ मी दिव्याकडे बघत उभा होतो. तो थांबला. वीज खात होता तो सेट-टॉप बॉक्सच.