चालकाविना बस: भिलाईच्या रस्त्यावर कधी?

केंद्राने 2023 मध्ये मंजूर केलेल्या पीएम ई-बस सेवा योजनेत दुर्ग-भिलाईच्या वाट्याला 50 बस आल्या. त्या विजेवरच्या आहेत, चालकाविना चालणाऱ्या नाहीत. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. विजेच्या बसमध्ये इंजिनाच्या जागी बॅटरी आणि मोटर येते. स्वयंचलित बसमध्ये चालकाच्या जागी यंत्र येते. कॅमेरा, रडार आणि लेझर किरणांनी अंतर मोजणारा लायडार हे त्याचे डोळे, तर संगणक हा मेंदू.

दिल्ली मेट्रोच्या मॅजेंटा मार्गावर डिसेंबर 2020 पासून चालकाविना गाडी धावते. पण तिथे रूळ ठरलेले असतात, वाटेत कोणी येत नाही. भिलाईत पोलाद कारखान्याची पाळी सुटली की सायकली, मोटारसायकली, ऑटो एकदम रस्त्यावर येतात. पुढचा सायकलस्वार वळणार की थांबणार, हे मुरलेला चालक त्याच्या मानेच्या हालचालीवरून ओळखतो. यंत्राला हेच शिकवणे सर्वांत अवघड आहे.

म्हणून अशा बसची सुरुवात शिक्षणसंस्थेच्या किंवा कारखान्याच्या आवारात, कमी वेगाने व्हावी. जवानही आधी कवायतीच्या मैदानावर शिकतो, मग आघाडीवर जातो. इथे घाई केली तर तिची किंमत पादचाऱ्याला मोजावी लागेल.