मुंबईची फी आणि उसाचे बिल



आमचे काम उसाचे. बेणे कोणते घ्यावे, आडसालीची लागण कधी उरकावी, खोडव्यात पाचट ठेवावे की पेटवावे (पेटवू नये, हे येथेही सांगून ठेवतो), एवढ्यापुरताच आमचा अधिकार. परंतु अलीकडे बांधावर गेलो की बोलणे उसावरून चटकन पोराबाळांच्या शिक्षणावर जाते. "साहेब, पोरीला सी.ई.टी.ला मार्क चांगले पडलेत. मुंबईला घालावी म्हणतो. किती खर्च येईल?" हा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत आम्हांस इतक्या वेळा विचारला गेला, की शेवटी सरकारी निर्णय वाचून आणि मुंबईत मालाडला राहून शिकणाऱ्या सभासदांच्या मुलांशी बोलून थोडी माहिती गोळा केली. ती येथे देत आहोत.

प्रथम हिशेब आपल्या भाषेत मांडू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफ.आर.पी. ठरवली. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते. कारखान्याकारखान्याचा उतारा वेगळा, अंतर वेगळे. तरी हिशेबाला सोपे जावे म्हणून सभासदाच्या हातात टनाला ३,००० पडले असे धरू. एकरी ४० टन धरले तर एकराचे झाले १ लाख २० हजार. त्यातून नांगरट, बेणे, खत, पाणीपट्टी, मजुरी आणि सोसायटीचे देणे गेले की निम्मे उरले तरी चांगले. म्हणजे ६० हजार. मुंबईतल्या नामवंत खाजगी विद्यापीठांत इंजिनिअरिंगची फी आज वर्षाला तीन-चार लाखांच्या घरात, कोठे त्याहूनही वर आहे. चार लाख धरले तर साडेसहा एकरांहून जास्त उसाचे निव्वळ उत्पन्न एका वर्षाच्या नुसत्या फीला लागते. शिवाय आडसाली ऊस दीड वर्षाने तुटतो. फी मात्र दरसाल उभी राहते.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे सरकारी नसलेल्या प्रत्येक कॉलेजला सरसकट "प्रायव्हेट" म्हणण्याची पद्धत आहे. पण या एका शब्दाखाली तीन निराळ्या जाती आहेत. को ८६०३२ आणि को २६५ लांबून सारखेच हिरवे दिसतात, म्हणून दोन्हींचा उतारा सारखा पडत नाही. तसेच हे आहे. सरकारची मदत मिळणार की नाही, हे पुष्कळ वेळा मुलाच्या मार्कांवर नव्हे, तर तो कोणत्या जातीच्या संस्थेत आणि कोणत्या दाराने शिरला यावर ठरते.

मालाड स्टेशनला पश्चिमेला उतरून मार्वे रोडने गेले की अथर्व कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग लागते. हे १९९९ सालचे, विनाअनुदानित, मुंबई विद्यापीठाशी संलग्न. ही पहिली जात. अशा कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. त्यासाठी २०१५ सालचा कायदा आहे. बहुतेक जागा सी.ई.टी.नंतरच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून भरतात. पोरे त्यालाच कॅप राऊंड म्हणतात. मालाडहून चर्चगेटच्या गाडीत बसले की अंधेरीच्या पुढले स्टेशन पार्ले. तेथे नरसी मोनजी संस्था आहे. १९८१ साली सुरू झाली, २००३ साली अभिमत विद्यापीठ झाली. ही दुसरी जात. हिची प्रवेशपरीक्षा स्वतःची, फीही स्वतःची. तिसरी जात पाहण्यासाठी दादरला गाडी बदलून घाटकोपरच्या अलीकडे विद्याविहारला उतरावे. सोमैया विद्याविहार विद्यापीठ हे २०१९ साली स्थापन झालेले स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठ आहे.

या विद्याविहारचे नाव निघाले की आपल्या धंद्यातल्या माणसाला थोडे थांबावे लागते. ते उभारणारे करमशीभाई सोमैया हे नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) १९०२ साली जन्मले. सहकारी कारखानदारी सुरू होण्याआधी त्यांनी कोपरगाव तालुक्यात साकरवाडी आणि लक्ष्मीवाडी येथे साखर कारखाने काढले. १९५९ साली विद्याविहारची शिक्षणसंस्था सुरू झाली, म्हणजे तिच्या पायात साखरेचा पैसा आहे. आपल्या सहकारी बाजूनेही शिक्षणात मागे राहिलेले नाही. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली आणि त्याच सुमारास प्रवरेला, वारणेला, साखराळ्याला कॉलेजे उभी राहिली. सोमैयांचे इंजिनिअरिंग कॉलेजही १९८३ चेच. त्यापूर्वी आपल्या पोरांना इंजिनिअर होण्यासाठी पुणे, सांगली, कराड नाहीतर मुंबई, आणि जागा मोजक्या. दादांनी दार उघडले, हे खरे. दारात फीचा उंबरा आला, हेही खरे.

तो उंबरा उतरविण्यासाठी ज्या सवलती आल्या, त्यांची जुन्या सभासदांना आठवण असेल. यशवंतराव चव्हाणांच्या काळातली ई.बी.सी.ची फीमाफी घेऊन शिकलेले कितीतरी जण आज संचालक, सरपंच, मुख्याध्यापक म्हणून आपल्यात वावरतात. आज तिच्या जागी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्काचा निम्मा भाग सरकार भरते. एका कुटुंबातील दोन मुलांपर्यंतच ती मिळते. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, इतर मागास वर्ग यांच्या योजना वेगळ्या आहेत आणि पुष्कळशा याहून जास्त देतात. ज्यांना लागू आहेत त्यांनी आपल्या दाखल्याप्रमाणे अर्ज करावा.

मुलींच्या बाबतीत २०२४ साली मोठी गोष्ट झाली. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ झाले. ही बातमी गावोगाव पोहोचली, ती मात्र अर्धी. "पोरींना सगळं फुकट" एवढेच कानावर आले. त्याच निर्णयात खाजगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे वगळून, असे स्वच्छ लिहिले आहे. आणि प्रवेशही केंद्रीभूत प्रक्रियेतूनच झालेला हवा. म्हणजे मालाडच्या कॉलेजात कॅपमधून गेलेल्या मुलीला जी माफी लागू होते, तीच मुलगी त्याच मार्कांवर पार्ल्याच्या अभिमत किंवा विद्याविहारच्या खाजगी विद्यापीठात गेली तर लागू होत नाही. चांगल्या कॉलेजातल्या मॅनेजमेंट कोट्याच्या जागेलाही नाही.

आपल्याच कार्यक्षेत्रातील एका सभासदाने मुलाला एप्रिल महिन्यातच एका खाजगी विद्यापीठात घातले. "सीट पक्की करून टाका, नंतर मिळणार नाही" असे फोन आले, पहिला हप्ता गेला. दीड महिन्याने मुलाच्या सी.ई.टी.चा निकाल आला तो उत्तम, आणि घरच्यांना वाटले, आता निम्मी फी सरकार देईल. अर्ज भरायला बसल्यावर कळले की त्या विद्यापीठाला योजनाच लागू नाही. आता चार वर्षांची सगळी फी त्यांच्या सहा एकरांवर आहे. मुलगा हुशार आहे, विद्यापीठही वाईट नाही. पण हा निर्णय घेताना घरात जो आकडा धरला होता तो दुसऱ्या जातीच्या कॉलेजचा होता. खाजगी विद्यापीठांचे प्रवेश वसंतातच सुरू होतात आणि सरकारी फेऱ्या पावसाळ्यात, ही तफावत पक्की ध्यानात ठेवावी. हप्ता भरून मन बदललेच, तर फी परत करण्याविषयी यू.जी.सी.चे नियम आहेत; तोंडी बोलण्यावर न राहता वेळेत लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

माफी म्हणजे खर्च शून्य, असेही कोणी समजू नये. फीत शिक्षण शुल्काशिवाय विकास शुल्क असते, आणि माफी शिक्षण व परीक्षा शुल्कापुरती. मालाडला राहणाऱ्या एका सभासदाच्या मुलीशी आम्ही बोललो. कॅपमधून प्रवेश, माफी मंजूर. एका खोलीत चौघी जणी राहतात. खोलीचा वाटा, मेस, विद्यार्थी सवलतीचा रेल्वे पास, झेरॉक्स आणि रिचार्ज धरून महिन्याला बारा-तेरा हजार लागतात, असे तिने पाईपाईने सांगितले. वर्षाचे दीड लाख झाले. "काका, फी माफ आहे हे घरी सांगितलं, पण मुंबई माफ नाही," असे ती हसत म्हणाली. या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना ती मिळते. सुरुवातीला मुंबईसारख्या शहरासाठी तिची रक्कम वर्षाला ३० हजार होती. आता चालू वर्षाचा आकडा महाडीबीटीच्या संकेतस्थळावर पाहूनच हिशेब धरावा. आपल्या सभासदांत अल्पभूधारकच जास्त, तरी या योजनेचा अर्ज करणारे आम्हांस फार थोडे भेटले. तिच्यासाठी तहसीलचा अल्पभूधारक दाखला लागतो.

आता कर्जाविषयी. येथे शेतकऱ्याची अडचण नोकरदारापेक्षा निराळी आहे. शैक्षणिक कर्ज चार लाखांपर्यंत सहसा तारणाशिवाय मिळते, साडेसात लाखांपर्यंत जामीनदार मागतात, त्याच्यावर तारण. सभासद म्हणतो, "दहा एकर बागायत आहे, तारणाला काय कमी?" पण थकीत कर्जाची वसुली कोर्टात न जाता करण्याचा बँकांचा जो २००२ चा कायदा आहे, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. म्हणून बँका शेतीच्या तारणाला नाखूष असतात. त्यांना गावठाणातले घर, बिगरशेती प्लॉट किंवा ठेवीची पावती हवी असते. त्यातून सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असतोच. मग काही जण सोपा मार्ग म्हणून पीककर्ज उचलून फी भरतात. हे करू नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो. पीककर्ज मुदतीत फेडले तर आपल्या राज्यात ३ लाखांपर्यंत व्याज पडत नाही. थकले की सवलत जाते आणि पुढच्या लागणीला खत घ्यायला पैसा राहत नाही. फीचा खड्डा मग एकरी टनेजमध्ये दिसतो. आम्हांला तो शेतात दिसतो.

तारणाच्या अडचणीवर एक वाट निघाली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. निवडक उच्च दर्जाच्या संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला तर तारण नाही, जामीनदार नाही. ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत नसेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकेपर्यंत आणि त्यानंतरच्या सवलतीच्या काळात व्याजात तीन टक्के सूट आहे. या यादीत खाजगी विद्यापीठेही आहेत, पण राष्ट्रीय क्रमवारीत वर असलेलीच. तेव्हा विद्यापीठाचे नाव यादीत आहे का, हे हप्ता भरण्याआधी पाहावे.

राहिली विद्यापीठांची स्वतःची मदत. ती दोन तऱ्हेची असते. एक मार्क पाहून देतात आणि एक घरची परिस्थिती पाहून. माहितीपुस्तकात "शंभर टक्क्यांपर्यंत शिष्यवृत्ती" असे मोठ्या अक्षरात असते, ती बहुधा पहिल्या तऱ्हेची. ती मोजक्यांना मिळते आणि पुढल्या वर्षी ग्रेड घसरली तर जाते. परिस्थिती पाहून देण्याची पद्धत आपल्याकडे अजून थोड्या ठिकाणी रुजली आहे: बंगळूरचे अझीम प्रेमजी विद्यापीठ, हरियाणातले अशोका विद्यापीठ अशी काही. अमेरिकेत ही जुनी रीत आहे. हार्वर्डने तर २०२५-२६ पासून वर्षाला दोन लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना शिक्षण शुल्क लावायचे नाही असे ठरवले. अर्थात त्यांच्यामागे शेकडो वर्षांचा निधी आहे. आपल्या खाजगी विद्यापीठांचा खर्च मुख्यतः फीवरच चालतो, म्हणून मागितल्याशिवाय सवलत हाती पडत नाही. प्रवेश घेण्यापूर्वी विद्यापीठाला लेखी विचारावे: मदत पहिल्या वर्षापुरती की चारही वर्षे, कोणत्या अटीवर जाते, दरवर्षी फी किती टक्के वाढते?

अशा अर्जात शेतकऱ्याला उत्पन्न दाखविणे जड जाते. नोकरदाराकडे फॉर्म १६ असतो. आपल्याकडे काट्याच्या पावत्या आणि बिल. आणि बिलाचा आकडा फसवा असतो. दहा एकरवाल्याचे वर्षाचे बिल दहा-बारा लाख दिसले की समोरचा म्हणतो, हे तर सधन. म्हणून नुसते बिल जोडू नये. कारखान्यातून बिलाचा वार्षिक दाखला घेताना त्यातली सोसायटीची वसुली आणि इतर कपाती दाखवणारा तपशीलही मागून घ्यावा, त्याला खताची बिले आणि पीककर्जाचा उतारा जोडावा. तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठीही तलाठी कार्यालयात हेच कागद उपयोगी पडतात. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, तरी शिष्यवृत्तीच्या ८ लाखांत ते धरले जाते, हे विसरू नये.

हंगाम एप्रिलपर्यंत संपतो, शेवटची बिले त्यानंतर निघतात आणि दाखल्यांची गर्दी जूनमध्ये होते. ज्यांची मुले यंदा बारावीला आहेत, त्यांनी उत्पन्न, अधिवास आणि अल्पभूधारक हे तीन दाखले मे अखेरपर्यंत काढून ठेवावेत आणि मुलाचे बँक खाते आधारला जोडून घ्यावे. गट ऑफिसला लागणीची नोंद द्यायला याल तेव्हा बिलाच्या तपशिलाचा अर्जही तेथेच द्या.