ऊन सगळ्यांना, पण उष्माघात कुणाला?

नागपूरकरांना उन्हाचे नवल नाही. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. नवतपा आला की पारा ४५ च्या आसपास जाणार, हे प्रत्येकजण गृहीतच धरतो. मात्र त्याच उन्हात कुणाला नुसता घाम येतो, तर कुणाचा जीव जातो. हा फरक केवळ प्रकृतीचा नसतो. तो कामाचा आणि रोजीचाही असतो.

शरीर ३७ अंशांच्या आसपास ठेवण्यासाठी हृदय त्वचेकडे जास्त रक्त पाठवते. घाम येतो आणि वाळताना उष्णता घेऊन जातो. अंगमेहनत करणाऱ्याच्या स्नायूंतही उष्णता तयार होते. त्यामुळे विटा वाहणाऱ्या मजुराला बाहेरचे ऊन आणि आतली उष्णता, दोन्ही सोसावे लागते. विदर्भातली उन्हाळी हवा कोरडी असल्याने घाम लगेच उडतो आणि शरीरातले पाणी किती कमी झाले, हे लक्षातच येत नाही. मग हृदयावर ताण पडतो, मूत्रपिंडांना रक्त कमी पडते.

अशा मृत्यूंपैकी थोड्यांचीच नोंद ‘उष्माघात’ अशी होते. बाकीचे हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या विकारात मोजले जातात. म्हणून संशोधक इतर वर्षांतील मृत्यूंशी तुलना करतात. अशा तुलनेत अहमदाबादमध्ये मे २०१० मध्ये १,३४४ मृत्यू अधिक आढळले. त्या शहराने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आणला. पुढे २०१६ मध्ये नागपुरातही तो आला.

दुपारी १२ ते ४ बाहेर पडू नका, हा सल्ला योग्यच आहे. पण सकाळी ठिय्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराला काम थांबले की रोजी बुडण्याची भीती असते. बाजारातला हमाल, हातठेलेवाला, रस्त्याच्या कामावरची बाई यांचेही तेच. कामावर शौचालय नसल्याने अनेक जणी पाणीच कमी पितात. रात्री टिनाच्या छपराखाली उकाडा हटत नाही, त्यामुळे शरीराला विसावा मिळत नाही.

हे केवळ उन्हापुरते नाही. लंडनमध्ये १९६७ मध्ये सुरू झालेल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात, सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांचा मृत्युदर सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाला. हुद्दा आणि आयुष्य यांचे नाते असे जवळचे आहे.

त्यामुळे उपायही कामाच्या जागीच हवेत: पहाटे लवकर सुरू होणारे काम, रोजी न कापता दुपारची सुट्टी, सावली, थंड पाणी, शौचालय. अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेने २०२३ मध्ये असंघटित महिलांसाठी उष्णता विमा सुरू केला. तापमान ठरावीक मर्यादा ओलांडून टिकले की त्यात भरपाई मिळते.

हे लक्षात ठेवा

बरळणे, झटके, शुद्ध हरपणे आणि अंग तापणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो. रुग्णाला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला. १०८ वर फोन करा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.