रूळ रोह्यापासून, खुर्ची बेलापुरात

कोकण रेल्वेचा शून्य किलोमीटर रोह्याला. पण रोहा स्टेशन मध्य रेल्वेचं. कोकण रेल्वेचं स्वतःचं पहिलं स्टेशन त्यापुढचं, कोलाड. आणि मुख्यालय? सीबीडी बेलापूरचं बेलापूर भवन. बेलापूरला थांबते ती हार्बरची लोकल, म्हणजे तीही मध्य रेल्वेचीच. ज्या गावात आपला एक फूटही रूळ नाही तिथून अख्खी रेल्वे चालवायची, असा हा मामला.

कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं जुलै 1990 मध्ये. रेल्वे बोर्डातून नुकतेच निवृत्त झालेले ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले. तेव्हाचं बेलापूर म्हणजे सिडकोने कागदावर आखलेलं व्यापारी केंद्र. लोकल वाशीपर्यंत यायलाच 1992 उजाडलं. (मुंबईची गर्दी खाडीपलीकडे न्यायला निघालेल्या सिडकोने आपलं नोंदणीकृत कार्यालय मात्र नरिमन पॉइंटच्या ‘निर्मल’मध्येच ठेवलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान!)

मग मुख्यालय रोह्याला किंवा रत्नागिरीला का नको, हा प्रश्न तेव्हाही रास्त होता. पण पैसा रोख्यांतून उभा करायचा होता, चार राज्यं आणि दिल्ली सांभाळायची होती. ते काम मुंबईच्या हाकेच्या अंतरावरूनच होणार. श्रीधरन यांनी इमारत बेलापुरात ठेवली आणि अधिकार कोकणात पाठवले. साधारण शंभर-शंभर किलोमीटरचे सात विभाग केले, प्रत्येकाला एक मुख्य अभियंता दिला. रोह्याकडून पहिला विभाग महाडचा. तरुण अभियंते मोटरसायकलींवरून डोंगर पालथे घालत, आणि जागेवरच्या अडचणीचा निकाल जागेवरच लागे. फाईल बेलापूरची वारी करून येईपर्यंत पावसाळा थांबत नाही, हे कोकणात काम केलेल्याला सांगावं लागत नाही. रोहा-वीर टप्पा 1993 मध्ये सुरूही झाला.

रोह्याच्या अलीकडच्या पेणची गोष्ट उलटी. कोकणात जाणाऱ्या कितीतरी गाड्या पेणवरून न थांबता निघून जातात. थांब्याचा अर्ज घेऊन बेलापूर गाठावं, तर हे रूळ कोकण रेल्वेचे नव्हेत. मध्य रेल्वेकडे जावं, तर सीएसएमटी गाठायचं. आणि एक्सप्रेसच्या थांब्यावर शेवटची सही दिल्लीत, रेल्वे बोर्डात. मुख्यालय शहरात हवं की उपनगरात, हा वाद पेणकरांना कोणी ऐकवला तर ते हसतील.

कारखान्यांचंही तेच. डोलवीचं पोलाद पेण तालुक्यात तयार होतं, जेएसडब्ल्यूचं मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात. रोह्याजवळ धाटावच्या एमआयडीसीत कारखाना असलेल्या एक्सेल इंडस्ट्रीजचं कार्यालय जोगेश्वरीला, तर दीपक नायट्राइटचं थेट वडोदऱ्याला. रोहेकराच्या दृष्टीने जोगेश्वरी काय नि वडोदरा काय, खरा सवाल एकच: धाटावच्या गेटच्या आत बसलेल्या साहेबाला स्वतःच्या सहीने काय काय करता येतं?

2025 मध्ये महाराष्ट्राने कोकण रेल्वेच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणाला संमती दिली, ती ‘कोकण रेल्वे’ हे नाव कायम ठेवण्याच्या अटीवर. माझं विचाराल तर नावाच्या आधी दुसरी अट घालायला हवी होती: कोलाडपासून पुढच्या मार्गाची तातडीची कामं मंजूर करणारा अधिकारी कोकणातच बसेल.