मेमोल रॉकी
मेमोल रॉकी या गोव्यातील माजी फुटबॉलपटू व प्रशिक्षक आहेत. भारताच्या वरिष्ठ महिला फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षकपद भूषविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. २०१७ मध्ये त्यांची नियुक्ती झाली; तोवर महिलांच्या या संघाची सूत्रे पुरुषांकडेच राहिली होती. त्यांच्या कारकिर्दीत, नोव्हेंबर २०१८ मध्ये, म्यानमार येथील सामन्यांतून भारताने ऑलिंपिक पात्रता स्पर्धेची दुसरी फेरी प्रथमच गाठली. मार्च २०१९ मध्ये विराटनगर येथे यजमान नेपाळला ३-१ असे नमवून संघाने सलग पाचवे सॅफ अजिंक्यपद पटकावले. तथापि, हे अजिंक्यपद २०१० पासून तोवर भारताकडेच राहिले असल्याने ऑलिंपिक पात्रतेतील मजल अधिक मोलाची ठरते. जुलै २०२१ मध्ये रॉकी पदावरून दूर झाल्या. त्यांच्या जागी स्वीडनचे थॉमस डेनरबी आले आणि संघाची सूत्रे पुन्हा पुरुष प्रशिक्षकाकडे गेली.