ऑनलाइन व्यवसाय सुरू करताय? मग पहिलं लक्ष्य दहा पाकिटांचं का असावं?

‘तीस दिवसांत लाखाची कमाई’, ‘घरबसल्या महिन्याला पन्नास हजार’ अशा रील्स तुम्हीही पाहिल्या असतील. त्या पाहून अनेक जण ऑनलाइन व्यवसायात उतरतात. लोगो करून घेतात, वेबसाइट बनवतात, हजार पाकिटं छापून आणतात. काही जण त्यासाठी दागिने गहाण ठेवतात, काही नोकरी सोडतात. दोन-तीन महिन्यांनी हिशेबाला बसल्यावर लक्षात येतं की, आलेल्या ऑर्डर बहुतेक मावशी, आत्या आणि शेजारच्या काकूंच्याच होत्या.

अशा वेळी मेहनत कमी पडलेली असतेच असं नाही. अनेकदा लक्ष्यच असं ठरवलेलं असतं की, उद्या सकाळी उठून नेमकं काय करायचं हे त्यातून कळत नाही. मग सुरुवातीचं लक्ष्य कसं ठरवायचं? ते छोटं का असावं? आणि छोटं म्हणजे किती छोटं?

‘महिन्याला पन्नास हजार’ या लक्ष्यात अडचण काय?

एक उदाहरण घेऊ. समजा, साताऱ्यातल्या एक ताई घरी केलेला कांदा-लसूण मसाला इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवरून विकायचं ठरवतात. हिशेब समजावा म्हणून काही आकडे धरू.

पाव किलोच्या पाकिटाची किंमत २०० रुपये. त्यात कच्चा माल आणि दळणाचे ८५, पाकीट आणि लेबलचे १२, कुरिअरचे ६० आणि ऑनलाइन पेमेंटचे ४ रुपये. हातात उरले ३९ रुपये. आता महिन्याला ५० हजार रुपये उरायला हवे असतील, तर सुमारे १,२८२ पाकिटं विकावी लागतील. म्हणजे रोज जवळपास ४३. पाकीट पाहणाऱ्या दर १०० जणांपैकी दोघांनी ते घेतलं असं धरलं, तर महिन्याला ६४ हजारांहून जास्त लोकांपर्यंत पोहोचावं लागेल.

पण यातला प्रत्येक आकडा अंदाज आहे. लोक २०० रुपये देतील का? कुरिअर ६० रुपयांतच होईल का? शंभरातले दोघं घेतील की अर्धाच? व्यवसाय सुरू होण्याआधी याचं उत्तर कोणाकडेच नसतं. त्यामुळे सुरुवातीला पन्नास हजारांचा आकडा वहीत लिहिता येतो, पण त्यावरून पुढचं काम ठरवता येत नाही.

त्याऐवजी ताईंनी ‘या दोन आठवड्यांत ओळखीबाहेरच्या दहा जणांना विकायचं’ असं ठरवलं तर? दहा ऑर्डरमध्येच कळेल की, कच्च्या मालानंतर सगळ्यात जास्त पैसे कुरिअर खातंय. मग दोन पाकिटांचा संच विकून पाहता येईल. विक्री ४०० रुपये. माल १७०, पाकिटं २४, कुरिअर समजा ८० आणि पेमेंटचे ८. उरले ११८. आता त्याच ५० हजारांसाठी महिन्याला ४२४ ऑर्डर पुरतात, म्हणजे रोज साधारण १४. मसाला तोच आणि स्वप्नही तेच, पण रोजच्या ऑर्डर एक तृतीयांशावर आल्या.

संशोधन काय सांगतं?

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा आणि डेल शुंक यांनी १९८१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. गणितात खूप मागे पडलेल्या मुलांना त्यांनी वजाबाकीच्या सरावाची ४२ पानं दिली. त्यासाठी सात बैठका होत्या. एका गटाला ‘प्रत्येक बैठकीत सहा पानं’ असं लक्ष्य सुचवलं, तर दुसऱ्याला ‘सात बैठकांत ४२ पानं’ असं. तिसऱ्या गटाला कोणतंच लक्ष्य सांगितलं नाही.

पानं सगळ्यांना तेवढीच होती. तरी सहा-सहा पानं करणारी मुलं गणितात सगळ्यांत पुढे गेली. ‘आपल्याला जमतंय’ हा विश्वास वाढला आणि गणिताची गोडीही लागली. लांबच्या लक्ष्याचा मात्र म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही. जवळचं लक्ष्य आज किती झालं हे आजच सांगतं, ४२ पानांचं लक्ष्य ते शेवटच्या दिवशी सांगतं.

मोठ्या कंपन्यांची सुरुवात कशी झाली?

फ्लिपकार्ट २००७ मध्ये बेंगळुरूत सुरू झाली, तेव्हा ती फक्त पुस्तकं विकायची. पहिली ऑर्डर तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या महबूबनगरहून आली. जॉन वुड यांचं ‘लीव्हिंग मायक्रोसॉफ्ट टू चेंज द वर्ल्ड’ हे पुस्तक हवं होतं. सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल यांनी ते शहरातल्या दुकानांत शोधलं आणि पाठवलं. पुढे २०१८ मध्ये वॉलमार्टने १,६०० कोटी डॉलर मोजून या कंपनीतला सुमारे ७७ टक्के हिस्सा घेतला.

अमेरिकेतली झॅपोस ही बुटांची कंपनी १९९९ मध्ये सुरू झाली. संस्थापक निक स्विनमर्न यांनी आधी गोदाम भरलं नाही. त्यांनी दुकानातल्या बुटांचे फोटो काढून वेबसाइटवर टाकले. ऑर्डर आली की त्याच दुकानातून जोड विकत घ्यायचा आणि पाठवायचा. या पद्धतीने नफा होणार नव्हता. पण ‘पायात घालून न पाहता लोक बूट घेतील का?’ या प्रश्नाचं उत्तर फारसा खर्च न होता मिळालं.

ही उदाहरणं वाचून प्रत्येक छोटी सुरुवात मोठी होते असं समजायचं कारण नाही. पण माल भरण्याआधी गिऱ्हाईक आहे का, हे दोन्हीकडे आधी पाहिलं गेलं.

छोटं लक्ष्य कसं ओळखायचं?

तीन गोष्टी तपासा.

पहिली, ते तुमच्या हातात आहे का? ‘दहा हजार फॉलोअर्स’ हे इन्स्टाग्रामच्या हातात आहे. ‘रोज पाच जणांना मसाला दाखवून विचारणं’ तुमच्या हातात आहे.

दुसरी, त्यात आकडा आणि तारीख आहे का? ‘मार्केटिंग वाढवायचं’ हे काम कधीच पूर्ण होत नाही. ‘रविवारपर्यंत तीन फोटो आणि किमतीचं पत्रक तयार’ हे होतं किंवा होत नाही.

तिसरी, ते पूर्ण झाल्यावर एखादा प्रश्न सुटतो का? लोगोचा रंग ठरला तर समाधान मिळतं, पण लोक विकत घेतील का हे तरीही कळत नाही.

या कसोटीवर साताऱ्याच्या ताईंचा पहिला महिना असा असू शकतो.

पहिला आठवडा: एकाच प्रकारचा मसाला, एका पाकिटाचा पूर्ण खर्च कागदावर आणि एफएसएसएआयच्या नोंदणीसाठी अर्ज. घरून खाद्यपदार्थ विकायलाही ही नोंदणी लागते, त्यामुळे नोंदणी हातात आल्यावरच विक्री सुरू करायची.

दुसरा आणि तिसरा आठवडा: ओळखीबाहेरच्या दहा जणांना पूर्ण किमतीत विक्री. नातेवाईक मोजायचे नाहीत, कारण ते मसाल्यापेक्षा आपलेपणासाठी घेतात.

चौथा आठवडा: दहाही जणांना फोन. परत घेणार का, आणि नसेल तर का नाही, एवढंच विचारायचं. दहापैकी तिघांनी पुन्हा मागवलं, तर पुढचं लक्ष्य तीस ऑर्डरचं. कोणीच मागवलं नाही, तर जाहिरातीवर एक रुपयाही खर्च न करता आधी चव, तिखटपणा किंवा किंमत बदलायची.

तोट्याचंही लक्ष्य ठरवायचं का?

हो, आणि ते सगळ्यांत आधी. व्यवस्थापनाच्या अभ्यासक सारस सरस्वती यांनी २७ अनुभवी उद्योजकांचा अभ्यास केला होता. ‘यातून किती मिळेल’ यापेक्षा ‘यात किती गेलं तर मला चालेल’ हे पाहून पावलं टाकण्याची पद्धत त्यांना दिसली. आपल्याकडे यालाच अंथरूण पाहून पाय पसरणं म्हणतात.

म्हणून रक्कम आणि मुदत दोन्ही लिहून ठेवा. उदाहरणार्थ, ‘आठ हजार रुपये आणि तीन महिने’. ती संपली आणि परत येणारं गिऱ्हाईक मिळालं नाही, तर थांबायचं किंवा वस्तू बदलायची. हे आधी लिहिलेलं नसेल, तर ‘आणखी थोडे टाकले की चालेल’ असं म्हणत माणूस घरखर्चाच्या पैशाला हात लावतो.

मग मोठं स्वप्न पाहायचंच नाही?

पाहायचं. छोटं लक्ष्य म्हणजे सोपं लक्ष्यही नाही. एडविन लॉक आणि गॅरी लेथम यांच्या संशोधनानुसार ‘जमेल तेवढं करा’ असं सांगण्यापेक्षा नेमकं आणि थोडं अवघड लक्ष्य दिलं की काम चांगलं होतं. मात्र काम नवं आणि गुंतागुंतीचं असेल, तर थेट निकालाच्या आकड्यापेक्षा ‘हे कसं करायचं ते शिकून घ्या’ असं लक्ष्य जास्त उपयोगी पडतं, हेही याच क्षेत्रातल्या अभ्यासांत दिसलं आहे. पहिल्यांदा ऑनलाइन विकणाऱ्यासाठी सगळंच नवं असतं.

अनोळखी माणसाला पूर्ण किमतीत विकणं सोपं नाही. नकार ऐकावा लागतो. पण दहा पाकिटांवर मिळालेला नकार दीड-दोन हजार रुपयांत पडतो. तोच नकार हजार पाकिटं भरल्यावर मिळाला, तर लाखाच्या घरात जातो.

पन्नास हजारांचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर असू द्या. रोज सकाळी उघडायचं पान मात्र या आठवड्याचं ठेवा.